काहीच कमी नाही

कॉलेजच्या फी-माफीच्या मुलाखतीसाठी मुलगी एकटीच आत गेली होती. बाहेर बाकावर आईने उत्पन्नाचा दाखला चौथ्यांदा फाइलमधून काढला, निरखला आणि पुन्हा आत सरकवला.

"किती वेळा बघशील? आकडा काही वाढायचा नाही," बाइंडिंगच्या कारखान्यात काम करणारे वडील म्हणाले, त्यांचा स्वतःचा पाय मात्र एकसारखा हलत होता.

"वाढू नये म्हणूनच बघतेय."

तेवढ्यात शिपायाने दोघांनाही आत बोलावले. मुलगी हसतमुखाने बसली होती. टेबलापलीकडच्या मॅडमनी समोरचा कागद उचलला.

"घरात कशाची ओढाताण होते, असं विचारलं मी. ही म्हणते, काहीच कमी नाही. बाबांना चालायची हौस, म्हणून ते कामावर पायी जातात. आईला दूध आवडत नाही, कुठे फिरायला जायचा कंटाळा येतो. मग ही माफी दुसऱ्या एखाद्या गरजू मुलीला का देऊ नये?"

"खरं तेच सांगितलं ना, बाबा?" मुलीने विचारले.

"हो, बरोबर आहे तिचं," वडील सवयीने बोलून गेले आणि चपापले. "म्हणजे... तसं नाही, मॅडम..."

अठरा वर्षे दोघांनी जे जिवापाड झाकून ठेवले होते, ते नेमके मुलीसमोर उघडे करायचे होते.

आई मॅडमकडे वळलीच नाही. तिने मुलीचा हात हातात घेतला.

"मला दूध आवडतं गं," ती म्हणाली.