चिंचेपासून वीस पावलं

धातू शोधायचं यंत्र वाजलं आणि पाठोपाठ शिट्टी.

निशानं कानावरचे हेडफोन काढले. धरणाचं पाणी मे महिन्यात मागं सरलं की बुडालेलं गाव उघडं पडतं. त्या भेगाळलेल्या गाळातून एक म्हातारा तरातरा येत होता. अंगात खाकी शर्ट, खिशावर बिल्ला उसवल्याची खूण.

"ताई, पाटी वाचली नाय का?"

पाटी तिनं येतानाच वाचली होती. दोनदा. फोटोही काढला होता.

*पाटी, ओळ पहिली : चिंचेच्या खोडापासून वीस पावलांत यंत्र लावू नये, उकरू नये.*

"खोड कुठलं, काका?"

"त्ये काय, तुमच्या पायाशी."

"पण इथं काहीतरी आहे. चांदी असावी."

"असंल. हात लावायचा नाय."

"दंड किती?"

"दंड नाय. घरी येऊन च्या प्यायचा अन् वाटंला लागायचं."

*ओळ दुसरी : ड्रोन दुपारी उडवू नये. माणसं झोपलेली असतात.*

घर वरच्या टेकाडावर होतं. दार निळं, बाहेर पालथी घातलेली होडी निळी. पाटीवरची अक्षरंही निळीच.

"फकिराच्या तावडीत घावलीस व्हय?" त्याची बायको सरूबाई चहा गाळत हसली. "मागल्या साली यानं एक ड्रोनवाला पार सडकंपर्यंत पळवला. शेंद्र्याच्या कंपनीत वाचमन व्हता ना, शिट्टी काय सुटंना!"

"तू गप गं," फकिरा म्हणाला.

"लोक हंडे घावतील म्हणून लई उकरतेत, पोरी." सरूबाईनं कप पुढं केला. मग हळूच म्हणाली, "आमची पयली लेक हाय तिथं, चिंचंखाली. दीड म्हैन्याची व्हती. पायातले चांदीचे वाळे मी काढू दिले नाय."

फकिरा बशीतला चहा फुंकत राहिला. चहा केव्हाच निवला होता.

*ओळ तिसरी : जागा सगळ्यांची आहे. जपून चालावे. हुकमावरून.*

"हुकूम कुणाचा, काका?" निशानं विचारलं.

"सरकारचा." त्यानं नजर उचलली नाही. "वरून आलाय."

"मग पाळायलाच हवा."

तिनं यंत्र पिशवीत घातलं. खोडाला लांबून वळसा घालून ती बांधामागं लावलेल्या जीपकडं गेली. मागून सरूबाईचा आवाज आला, "पुढल्या उन्हाळ्यात ये गं, च्या प्यायला!"

सोमवारी क्रांती चौकाजवळच्या सरकारी कार्यालयात साहेबांनी तिला बोलावलं. "मॅडम, त्या काठासाठी आपल्याकडं आजवर एकही नियम नाही. तुमची पाहणी झाली ना? मसुदा कधी देताय?"

"आज देते, सर."

निशानं मोबाईलमधला फोटो उघडला आणि तिन्ही ओळी जशाच्या तशा उतरवल्या. फक्त वीसच्या जागी पन्नास लिहिलं.