बंधाऱ्यावरची राख

"मला नदीतच सोड गं. वाहत वाहत माहेरी जाईन," आई म्हणायची. तिचं माहेर खाली, नदी समुद्राला मिळते तिथं. म्हणून यामिनीने घाटावर गुडघाभर पाण्यात उतरून तिच्या राखेचं मडकं उपडं केलं.

राख पसरली, उन्हात तांबूस चमकली आणि प्रवाह सोडून आडवीच निघाली, थेट बंधाऱ्यावरच्या काळ्या पट्ट्यांकडे.

"अहो, हे काय होतंय?"

"चुंबक आहेत, ताई," पट्ट्या खरवडणारा माणूस म्हणाला. "पाणी साफ करायला शहराच्या टाकीत कडुनिंबाच्या पाल्याच्या रसात बनवलेली लोखंडाची भुकटी सोडतात ना, ती घाण धरते. मग घाणीसकट तिला इथं ओढून घ्यायचं."

"पण ही माझी आई आहे!"

"इतकी वर्षं तेच पाणी प्यायल्या ना? थोडी भुकटी त्यात राहतेच, ती हाडात मुरते. हल्ली सगळ्यांचीच राख इथं येते."

"थोडा वेळ बंद करा. पाया पडते तुमच्या. तिला माहेरी जायचंय."

"बंद केलं तर सगळी घाण खाली जाईल. त्यांच्या माहेरचंच पाणी नासेल."

त्याने पट्टी खरवडून बादलीत झटकली.

"आता हिचं काय करणार?"

"धुऊन पुन्हा शहराच्या टाकीत. महागाची भुकटी आहे, फेकतंय कोण?"

दोन दिवसांनी लेकीने नळाखाली पेला धरला.

"आई, आज पाणी किती चमकतंय बघ!"

यामिनीने तो झटकन हिसकावून घेतला. पण मोरीत ओतायला काही तिचा हात धजेना.