आकडे कुठे जातात

"ताई, ह्यो डबा आमच्यावर नजर ठेवाया तर न्हाई न्हवं?" कारखान्यात लेथ मशीनवरच्या दस्तगीरमामांनी विचारलं, तेव्हा शाल्मली हसली होती. "नाही हो मामा. कुठलं मशीन किती वीज खातं, एवढंच हा मीटर मोजतो. आकडे फक्त माझ्या मीटररूममध्ये येतील."

खरं तर तिला मीटररूमपर्यंत केबल टाकायची होती, म्हणजे आकडे दुसरीकडे कुठे गेलेच नसते. मॅनेजर शिरगावेसाहेब म्हणाले, "केबलसाठी सगळी फरशी खोदावी लागेल. वायरलेस मीटर घ्या. आकडे तुमच्याशिवाय कुणी बघणार नाही, माझा शब्द." इंजिनिअर म्हणून पहिली नोकरी तिला त्यांनीच दिली होती. तिने विश्वास ठेवला आणि तोच शब्द कारखान्यातल्या प्रत्येकाला दिला.

दिवाळीनंतर साहेबांनी मामांना केबिनमध्ये बोलावलं आणि स्वतःच्या मोबाइलवर त्यांच्या लेथचा ग्राफ दाखवला. गुडघे दुखले की मामा मशीन बंद करून जरा टेकायचे. तिथे तिथे रेघ खाली आली होती. त्याच दिवशी मामांना कामावरून काढलं.

शाल्मली धावतच केबिनमध्ये गेली. "साहेब, तुम्ही शब्द दिला होता!"

"मीटर तुम्हीच बसवलेत, मॅडम," मान वर न करता ते म्हणाले.

तिने मामांना गेटवर गाठलं. "मामा, मला खरंच माहीत नव्हतं."

"व्हय ताई," मामा शांतपणे म्हणाले. "तुमास्नी ठावं असतं, तर तुमच्या तोंडाकडं बघूनच आमास्नी कळलं असतं. म्हणून तर त्यांनी तुमास्नी कळू दिलं न्हाई."