हळू सांगायची गोष्ट

ही गोष्ट हळू आवाजात सांगायची होती, आणि बाबांना हळू आवाजातलं काही ऐकूच येत नव्हतं. आईला तिनं सकाळीच कुजबुजून सांगून टाकलं होतं. आई म्हणाली होती, "त्यांना तूच सांग बाई. माझा घसा तेवढा नाही."

आता संध्याकाळ झाली होती. आई आत भांडी घासत होती. बाबा खुर्चीत पेपर वाचत होते. कानाचं यंत्र नेहमीसारखं कपाटात. ते लावलं की नको ते ऐकू येतं, असं त्यांचं म्हणणं. ती मांडीवर खोकं घेऊन त्यांच्यासमोर बसली.

"बाबा, उद्यापासून मी संस्थेत जाणार नाही."

"आं?"

"उद्यापासून! संस्थेत! नाही जाणार!"

पेपर खाली आला. "काढलं?"

"नाही हो! सहा महिने कारखान्यात पाठवतायत!"

बाबांनी पेपरची घडी घातली, मग आणखी एक घातली. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "काय चूक केलीस, ठमे?"

तिला क्षणभर उलगडेना. मग लक्षात आलं. बाबांच्या उभ्या नोकरीत वरच्या ऑफिसातून खाली मशीनवर जो कोणी आला, तो शिक्षा म्हणूनच आला होता.

"चूक नाही! निवड झालीय! संशोधकांनी बाहेरचं काम बघावं, म्हणून योजना आहे! सगळ्या संस्थेतून दोघांनाच घेतलंय! परत आले की नोकरी कायम!"

"काय झालीय?"

"निवड!"

"अभिनंदन!" वरच्या मजल्याच्या गॅलरीतून शेजारचे काका ओरडले. ते बाबांना ऐकू गेलं नाही.

ती खुर्ची ओढून आणखी जवळ सरकली. लोखंड गंजू नये म्हणून लावायचा एक रंग ती प्रयोगशाळेत करत होती. वाटीभर केला तर छान जमायचा; पिंपभर करायला घेतला की नासक्या दुधासारखा फाटायचा. तो का फाटतो, ते तिथं उभं राहून बघायचं होतं. हे सगळं तिनं ओरडून सांगितलं. बाबा मान डोलवत होते, पण त्यांचे डोळे तिच्या ओठांवर होते.

"कारखाना कुठला?" त्यांनी विचारलं.

सगळ्यात हळू सांगायचं ते हेच होतं.

"तुमचाच," ती म्हणाली.

एवढं मात्र त्यांना एका फटक्यात कळलं.

ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. नको म्हणाले असते, तर उद्या सकाळीच ती संस्थेला नकार कळवणार होती. हे तिनं आईलाही सांगितलं नव्हतं.

"तुला तिथं पाय ठेवायला लागू नये, म्हणून मी तिथं राबलो," बाबा म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. चुकीच्या स्टॉपवर उतरलेला माणूस बोलतो, तसं ते बोलले.

तिच्याकडे उत्तरं होती. त्यातलं एकही ओरडून सांगण्यासारखं नव्हतं.

"खोक्यात काय आहे?"

तिनं झाकण काढलं. काळे, जाड तळाचे बूट, पुढं आत लोखंडी टोपी. बाबांनी एक बूट उचलला, बोटाच्या पेरानं टोकावर टकटक केलं, तळ वाकवून पाहिला, आत हात घातला. "पुरुषांचा साचा आहे. टाच घासणार तुझी. दोन मोजे घाल."

खोक्याच्या तळाशी एक छोटी पिशवी होती. त्यात दोरीनं जोडलेली दोन पिवळी, मऊ बोंडं.

"आणि हे?"

तिनं आपल्या कानांकडे बोट केलं.

बाबांनी एक बोंड चिमटीत दाबलं. ते चपटं झालं आणि हळूहळू पुन्हा फुगलं. त्यांनी पुन्हा दाबलं. फुगेपर्यंत बघत राहिले.

"आमच्या वेळी..." ते म्हणाले आणि तिथंच थांबले. मग बोंडं तिच्या तळहातावर ठेवून त्यांनी तिची मूठ मिटली. "ही काढायची नाहीत. साहेबानं हाक मारली तरी नाही. त्याला म्हणावं, जवळ येऊन बोल."

"हो."

"आं?"

"हो! नाही काढणार!"

"घाल बूट."

ती नाड्या बांधायला वाकली, तर त्यांनी तिचा हात बाजूला केला. गुडघे धरत, कण्हत ते खाली बसले. नाड्या आवळल्या, गाठ मारली आणि उरलेली टोकं बोटानं बुटाच्या आत खोचली. "लोंबती नाडी ठेवायची नाही. मशीनला ती आवडते. आता चाल. नवा बूट घरात मऊ करायचा असतो, कामावर नाही."

ती घरातल्या बोळातून चालू लागली. बूट जड होते. पाऊल टाकावं त्याहून मोठं वाजत होतं. ठक्, ठक्, ठक्. बोळाच्या टोकाला जाऊन ती वळली.

आतला नळ बंद झाला.

"आलात का हो?" स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. "हातपाय धुवा, चहा टाकते."

बाबा कारखान्यातून घरी आले की आईचं रोजचं वाक्य हेच असायचं.

ती जागच्या जागी उभी राहिली.

"थांबलीस का?" बाबांनी जमिनीवरूनच विचारलं. "टोचतोय?"

तिनं मान हलवली आणि स्वयंपाकघराकडे बोट केलं.

"काय म्हणते ती?"

"विचारतेय," तिला आवाज चढवावा लागला, "आलात का!"

बाबांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मग तिच्या बुटांकडे.

"मग?" ते म्हणाले. "उत्तर दे की तिला."