उपटलेली तार

"फुकटचं?" बुर्माकानने हातातली कात्री खाली ठेवली. "माझा सगळा कारखाना तू फुकटच्या वस्तूवर बसवलास?"

जिबेक कपाटाशी उकिडवी बसली होती. जिथे कालपर्यंत कापडाचे तागे रचलेले असत, तिथे आता दोन काळी यंत्रं एकावर एक घुमत होती. शेजारी मुठीएवढी एक डबी. तोकमोकच्या त्या शिवण-कारखान्यातले सगळे संगणक तिने त्या दोन यंत्रांच्या पोटात घातले होते. कपड्यांचे फर्मे आखायचा, हिशेबाचा, मागण्यांचा, सगळे. बायांसमोर उरले होते ते नुसते पडदे आणि कळफलक.

"फुकटचं नाही, एने. सगळ्यांचं," ती सासूला म्हणाली. "हा प्रोग्रॅम ठिकठिकाणच्या लोकांनी मिळून लिहिलाय. उन्हाळ्यात जैलूच्या कुरणावर मेंढ्या नेतो, तेव्हा गवताचे पैसे कोण मागतं?"

"गवताचे नाही मागत. पण लांडगा आला की राखण कोण करतं?"

"मी करीन."

फर्मे आखणारी कालिपा पडद्याआडून फिसकन हसली. बुर्माकान हसली नाही. तिचा जुना संगणक गेल्या आठवड्यात कायमचा गप्प झाला होता. जिबेकने त्यातलं सगळं वेळेवर बाहेर काढलं म्हणून बरं. जन्मभर आखलेले फर्मे आता या कपाटात होते, आणि कझानच्या शाळांचे झगे आजच बेतायला घ्यायचे होते.

"आणि हे यंत्र बंद पडलं तर?"

"तर दुसरं त्याचं काम उचलेल. आपोआप. ही डबी साक्षीला. एक मेलंय की नुसतं रुसलंय, हे दोघांत ठरत नाही. तिसरं कुणीतरी लागतं."

"तू बघितलंस असं होताना?"

जिबेक अडखळली. "रिकामं असताना बघितलंय. कामाचं सगळं भरल्यावर... रविवारी बघणार होते. कुणी नसताना."

"रविवारी," बुर्माकान म्हणाली. ती कपाटाशी आली, सुनेला कोपराने बाजूला सारलं आणि वरच्या यंत्राची तार खसकन उपटली.

त्याचं घुमणं थांबलं.

"अगं बाई!" कालिपा ओरडली. "माझी कॉलर! पडदा काळा झाला!"

एकामागून एक शिलाई यंत्रं थांबली. बाया माना वळवून बघू लागल्या.

"एने! काय केलंत हे!" जिबेकचा आवाज चिरकला. सासूपुढे ती असं कधी बोलली नव्हती.

"आभाळातली वीज रविवार बघून पडते का गं?" बुर्माकान म्हणाली. पण तार धरलेली तिची मूठ घट्ट आवळली होती.

जिबेकने लॅपटॉप मांडीवर ओढला. एका यंत्राच्या नावापुढे लाल फुली आली होती. दुसरं हिरवं, पण ढिम्म.

"का गप्प बसलंय ते?"

"खात्री करून घेतंय. पहिलं खरंच गेलं का ते. घाईनं उठलं आणि पहिलंही जिवंत असलं, तर दोघं एकाच कापडावर कात्री चालवतील."

"मग अजून किती खात्री?"

"एने, बोलू नका ना जरा!"

कुणीतरी मागून म्हणालं, "चहा तरी ओता तोवर." कुणी ओतला नाही. फुली तशीच होती. मग दुसऱ्या यंत्राखाली एक ओळ उमटली. मग दुसरी. खालचं यंत्र एकदम जोरात घुमायला लागलं, चढावर लागलेल्या गाडीसारखं.

"उचललं!" जिबेक किंचाळली. "कालिपा, बघ, बघ लवकर!"

कालिपाचा पडदा आधी करडा झाला, मग पांढरा. तिने नाक जवळजवळ काचेला लावलं. "उघडतंय... पाठ आहे. पुढा आहे. बाह्या आहेत दोन्ही... अय्या, कॉलर अर्धीच आहे!"

"अर्धी?" जिबेक धावली. मग तिने कपाळावर हात मारला. "हां! थोड्या थोड्या वेळानं प्रत जाते तिकडे. शेवटची गेली त्यानंतरचं तेवढं गेलं. मी आणखी लवकर लवकर पाठवायला लावते. पण बाकी?"

बुर्माकान पुढे झाली. तिने चष्मा चढवला आणि एकेक फर्मा उघडायला लावला. मुलींचे झगे, मुलांची जाकिटं, तिने अगदी पहिल्यांदा आखलेला आणि आता कुणीच मागत नसलेला लग्नाचा कोट. त्याच्या पाठीच्या बाकावरून तिने काचेवरच बोट फिरवलं.

"सगळं आहे," ती म्हणाली.

"माझी अर्धी कॉलर सोडून," कालिपा म्हणाली, आणि मग जो हशा-टाळ्यांचा गलका उठला, त्यात कुणाचं काही ऐकू येईना. जिबेक जागच्या जागी उड्या मारत होती. कुणीतरी तिच्या तोंडात तळलेल्या कणकेचा बोरसोक कोंबला. बुर्माकानने सुनेचं डोकं दोन्ही हातांत धरून कपाळाचा मुका घेतला, तेव्हा ती तार जिबेकच्या कानावर आपटली.

मग बुर्माकान खिडकीशी गेली आणि गल्लीपलीकडच्या कारखान्याकडे बघून ओरडली, "साकिन! ए साकिन! टाक ती कात्री आणि इकडे ये! बायांनाही आण! माझ्या सुनेनं काय केलंय बघ! चालत्या यंत्राची तार उपटायची, आणि कुणी मरत नाही!"

साकिन एप्रनला हात पुशीत, बायांसकट गल्ली ओलांडू लागली. बुर्माकान लगबगीने कपाटाशी परतली आणि तिने खालच्या यंत्राच्या तारेला हात घातला.

"एने, थांबा!" जिबेक कपाटासमोर हात पसरून उभी राहिली. "तेवढं एकच जिवंत आहे! आधी पहिलं उठू द्या!"

"मग उठव की लवकर," बुर्माकान म्हणाली. "माणसं दारात आलीत."