दोन महिन्यांची विश्रांती

"काकू, पूर्ण जोर लावा," फिजिओथेरपिस्ट म्हणाली. मंदाकिनीने दोन किलोचं डंबेल उचललं. कोपरातून कळ आली नाही.

"झालात बऱ्या! आता आणा काकांना घरी."

अर्धांगवायू झालेल्या नवऱ्याला चार वर्षं उचलून, कुशीवर वळवून तिला टेनिस एल्बो झाला होता. हाताला विश्रांती हवी म्हणून दोन महिने त्यांना शुश्रूषा केंद्रात ठेवलं होतं. तेवढे दिवस तिने सकाळचा चहा गरम असताना प्यायला होता.

रिक्षात बसताच त्यांचा फोन आला. "कोपर... कसंय?"

"अजून दुखतंय हो."

"मग घाई... नको. मी बरा आहे... इथे."

मागून कुणी बाई त्यांच्यावर खेकसली, "आजोबा, परत अंथरूण ओलं केलंत?" त्यांनी गडबडीने फोन ठेवला.

मंदाकिनीने डोळे मिटले आणि रिक्षावाल्याला घरचा पत्ता सांगितला.