मे महिन्यातलं पाणी

हेरंब चौथ्या पायरीवर उतरला. पाणी कमरेला लागलं. त्यानं स्टीलचा कठडा दोन्ही हातांनी धरला होता.

"कसं आहे?" चारुलतानं काठावरून विचारलं.

"आहे की," तो म्हणाला.

तिला ठाऊक होतं कसं आहे. सकाळी सात वाजता तिनं हात घालून पाहिला होता. रात्रभर उघड्यावर राहूनही पूलचं पाणी आंघोळीच्या पाण्यासारखं होतं. आता साडेबारा वाजले होते.

घर त्यांनी जानेवारीत घेतलं. शहराबाहेर, सेवासीच्या पलीकडे, ओळीनं बारा बंगले, प्रत्येकाच्या मागे एक लहान पूल. हेरंबला नसांचा आजार. उकाडा वाढला की पायांतलं बळ जातं, अंग गार झालं की परत येतं. घर पाहायला आले त्या दिवशी तो कपड्यांसकट या पाण्यात उतरला होता आणि काही न धरता पलीकडच्या भिंतीपर्यंत चालत गेला होता. तिथे पोचल्यावर त्यानं वळून चारुलताकडे पाहिलं. त्या पाहण्यापायी तिनं दांडिया बाजारातलं घर विकायला होकार दिला आणि शाळेतली नोकरीही सोडली. मे महिन्यात हे पाणी कसं असेल, ते दोघांनीही कुणाला विचारलं नाही.

सकाळी पाण्यातून हात काढल्यावर तिनं खंडेराव मार्केटजवळच्या एका बर्फवाल्याला फोन केला होता. आठ लाद्या हव्यात, घरी आणून द्याल का?

"लग्न छे, बेन?"

"नाही."

तो मग आवाज उतरवून म्हणाला, "हुं पोतेज आवीश." मी स्वतःच येतो.

बर्फ पाण्यात सोडायचा, मग हेरंबला उतरवायचं, असं तिच्या मनात होतं. पण बर्फ यायच्या आधीच साडेअकराला वीज गेली, एसी बंद पडला. तासाभरानं हेरंब वॉकर ढकलत बाहेर आला. "थोडं थांबा," ती म्हणाली. "आत भाजतंय," तो म्हणाला. "हे घर कशाला घेतलं मग?"

पाचव्या पायरीवर त्याचा उजवा पाय दुमडला. मग डावा. तो पायरीवर बसला आणि पाणी गळ्याशी आलं.

"उठा."

"उठतोय."

तो उठत नव्हता. "पाय कुठे आहेत तेच कळत नाही, चारू," तो म्हणाला. चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, अशा आवाजात.

ती साडीनिशी आत उतरली. त्याच्या काखांतून हात घालून तिनं जोर लावला. तो वर आला नाही, उलट पायरीवरून घसरला आणि त्याची हनुवटी पाण्याला टेकली. तिनं एका हातानं त्याची छाती कवटाळली, दुसऱ्या हातानं कठडा धरला. आता तिला हलता येईना. फोन व्हरांड्यातल्या टेबलावर होता. तिनं वॉचमनला हाका मारल्या, पण तो फाटकापाशी, सात बंगले पलीकडे. डावीकडचे लोक अमेरिकेत होते. उजवीकडचं घर अजून विकलंच गेलं नव्हतं.

"सोड मला. जाऊन फोन आण."

"सोडलं तर खाली जाल."

"मग?" तो म्हणाला.

तिनं कवटाळलेला हात तेवढा घट्ट केला.

किती वेळ गेला ते तिला सांगता आलं नसतं. बोटं बधिर झाली होती. कधीतरी टेम्पो थांबल्याचा आवाज आला. घराला वळसा घालून एक पिकल्या केसांचा माणूस आला. चपला त्यानं दाराबाहेरच काढल्या असाव्यात, तापल्या फरशीवरून तो अनवाणी चालत होता. कोपऱ्याशी थांबून, मान खाली ठेवूनच त्यानं विचारलं,

"बेन, बॉडी क्यां राखी छे?" बॉडी कुठे ठेवलीय?

चारुलताचं तोंड उघडलं, पण हेरंबनंच उत्तर दिलं.

"अहीं छे." इथे आहे.

बर्फवाल्यानं मान वर केली. पाण्यावरची दोन डोकी पाहिली. मग काही न विचारता त्यानं टेम्पोवाल्याला हाक मारली आणि कपड्यांसकट पाण्यात उतरला. दोघांनी मिळून हेरंबला बाहेर काढलं, व्हरांड्याच्या सावलीत आणलं. बर्फवाल्यानं चार लाद्या शेजारी शेजारी मांडल्या, त्यांवर गोणपाटं पसरली आणि हेरंबला उताणं निजवलं. त्याच्या हातांना हे काम पाठ होतं. मानेखाली गोणपाटाची घडी, दोन्ही हात अंगालगत, पाय जुळवून सरळ. इतकं सरळ नको, असं चारुलताला म्हणायचं होतं. हेरंबच्या डोक्याशी बसून तिनं त्याच्या कपाळावर हात ठेवला.

गोणपाटातून पाणी झिरपून फरशीवर पसरत होतं. पाऊण तासानं हेरंबच्या डाव्या पायाचा अंगठा जरासा हलला.

"येतायत," तो म्हणाला.

चारुलतानं मान हलवली. समोर अख्खा मे पडला होता, आणि नंतर जूनही.

बर्फवाला निघायला उठला. उरलेल्या चार लाद्या सावलीला ठेवल्यात, झाकून ठेवा, एवढं त्यानं सांगितलं. मग सवयीनं हेरंबच्या पायांशी थांबला, वाकून हात जोडले, आणि पाठ न फिरवता दोन पावलं मागे सरकला.